रक्त काढताना मुलाच्या हातात वाद्य द्या: तयारीपासून कापूस दाबेपर्यंत

पावसाळा सुरू झाला की ठाण्यात काय नि नवी मुंबईत काय, सकाळी लॅबच्या बाकांवर लहान मुलं दिसायला लागतात. ताप दोन-तीन दिवसांत उतरला नाही की डॉक्टर सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, सांगतात. डेंग्यू निघाला तर प्लेटलेट्स बघायला पुन्हा पुन्हा सुई. थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या मुलांना साधारण दर २ ते ४ आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं आणि त्याआधी दर वेळी नमुना द्यावा लागतो. खारघरला अ‍ॅक्ट्रेक या टाटा मेमोरिअलच्या केंद्रात कॅन्सरच्या उपचारासाठी येणाऱ्या मुलांना तर सुई चुकतच नाही.

मी लहान मुलांना ताल शिकवते आणि ज्यांना वारंवार रक्त द्यावं लागतं अशा काही मुलांसोबत लॅबमध्ये जाऊन बसते. गाण्याने मूल शांत होतं हे पालकांना ठाऊक असतं, तरी बहुतेकांचा प्रयत्न फसतो. सुई दिसते, मूल किंचाळतं, मग घाईघाईने मोबाइल काढून गाणं लावलं जातं. त्या क्षणी ते गाणं म्हणजे गोंगाटात पडलेली आणखी एक भर.

ऐकणं आणि वाजवणं यांत मोठा फरक आहे. गाणं कानावर पडत असतानाही मूल सुईचाच विचार करू शकतं. ठेका धरायचा तर हात, कान आणि आठवण तिन्ही कामाला लागतात, त्यामुळे दुखण्याकडे जाणारं लक्ष तेवढं कमी होतं. तोंडाने गायचं किंवा फुंकायचं असेल तर श्वास आपोआप लांब होतो. शिवाय हात धरणारे, टोचणारे, ‘हलू नको’ म्हणणारे सगळे मोठे असताना एक गोष्ट मुलाच्या ताब्यात राहते. दुखणं पूर्ण जात नाही, पण ते सोसवतं, आणि पुढच्या वेळची धास्ती कमी होते.

टप्पा १: आदल्या दिवशी लॅबशी आणि डॉक्टरांशी बोला

उपाशीपोटी यायचं का, हे आधी विचारा. नुसत्या सीबीसीला उपाशी राहावं लागत नाही. तरी सवयीने मुलाला सकाळपासून काही न देता आणतात आणि भुकेलं मूल बाकावरच रडकुंडीला येतं. उपाशी राहायचंच असेल तर सगळ्यांत लवकरची वेळ मागा. डॉक्टरांची मनाई नसेल तर साधं पाणी प्यायला द्या. अंगात पाणी असलं की शीर सापडायला सोपं जातं.

लॅबला आणखी तीन गोष्टी विचारा. मुलाला मांडीवर घेऊन बसता येईल का? लहान मुलांचं रक्त काढायचा हात बसलेले टेक्निशियन कधी असतात? नमुना घ्यायला घरी कुणी येतं का? घरी येणार असतील तर तुमचं अर्धं काम हलकं होतं, फक्त रक्त काढायची जागा मुलाच्या झोपायच्या पलंगावर ठेवू नका.

त्वचा सुन्न करणाऱ्या मलमाबद्दल डॉक्टरांना विचारा. लिग्नोकेन आणि प्रिलोकेन असलेलं हे मलम साधारण तासभर आधी लावून वरून पारदर्शक चिकटपट्टीने झाकावं लागतं. लॅबच्या दारात लावून उपयोग नाही. बाळ लहान असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावूच नका.

> इथे थांबून पाहा: उपाशी की नाही, वेळ कुठली, मांडीवर चालेल का, मलम लावायचं का. या चारांची उत्तरं मिळाल्याशिवाय वाद्याकडे वळू नका. भुकेल्या आणि जखडून धरलेल्या मुलाला कुठलंच वाद्य आवरू शकत नाही.

टप्पा २: वाद्य निवडा

सगळ्यांत जास्त चुका इथेच होतात. पालक हौसेने टाळ आणतात. टाळाला दोन हात लागतात, आणि ऐन वेळी मुलाकडे एकच हात मोकळा असतो. मग टाळ खाली ठेवावा लागतो, ठेका तुटतो आणि नेमक्या त्याच क्षणी सुई येते. मुलाला वाटतं, वाद्य काढून घेतलं म्हणजे आता टोचणार. पुढच्या वेळी टाळ पाहिला तरी ते रडतं.

म्हणून दोन वाद्यं न्या. एक बाकावर बसून वाट बघतानाचं, दुसरं सुईच्या वेळचं.

वाट बघताना अंग हललं तरी चालतं. टाळ, मंजिरी, घुंगरू, काहीही घ्या. जांभळी नाक्याच्या बाजारात गेलात तर छोटी मंजिरी शोधा. तिचा आवाज लॅबमधल्या इतरांना त्रास न होण्याइतका नाजूक असतो.

सुईच्या वेळचं वाद्य एका हातात मावणारं आणि फक्त बोटांच्या किंवा मनगटाच्या हालचालीने वाजणारं हवं. मुठीत मावणारा लहान खुळखुळा चालतो. मूल थोडं मोठं असेल तर एका हातात धरायच्या चिपळ्या. छोटी खंजिरी पालकाने आपल्या मांडीवर पक्की धरायची आणि मुलाने बोटांच्या टोकांनी वाजवायची, हा माझा सगळ्यांत आवडता उपाय. सहा-सात वर्षांच्या पुढच्या मुलांना माउथ ऑर्गन उत्तम, कारण तो श्वासावरच चालतो.

मोठी डफली, खांद्यापासून हात हलवावा लागेल असा ढोल, पाय आपटून वाजवायचे घुंगरू हे सुईच्या वेळी नकोत. मोकळा हात जोरात हलला की धक्का सुईच्या हातापर्यंत पोचतो.

स्वच्छतेत हयगय नको. धातूचं किंवा प्लॅस्टिकचं वाद्य साबणाच्या पाण्याने धुऊन, कोरडं करून न्या. फुंकून वाजवायचं वाद्य ज्याचं त्याचंच, भावंडांतही वाटायचं नाही. केमोथेरपी चालू असलेल्या किंवा पांढऱ्या पेशी कमी असलेल्या मुलाला कुठलंही वाद्य देण्याआधी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारा.

टप्पा ३: घरी सराव करा

चार वर्षांच्या पुढच्या मुलाला एक-दोन दिवस आधी सांगा. त्याहून लहान असेल तर त्याच दिवशी सांगितलेलं बरं, उगाच आदल्या रात्रीपासून घोर नको. सांगायचं ते खरं सांगा. ‘काहीच होणार नाही’ म्हटलंत आणि सुई टोचली, तर तुमचा शब्द गेला आणि गाण्यावरचा भरवसाही गेला. असं म्हणा: “चिमटा काढल्यासारखं दुखेल, थोडा वेळ. तेव्हा आपण वाजवत राहायचं.”

‘माझं सगळं रक्त काढून घेतील का?’ ही भीती पुष्कळ मुलांच्या मनात असते, बोलून दाखवतात थोडीच. चमचा हातात घेऊन दाखवा. वीस किलोच्या मुलाच्या अंगात दीड लिटरच्या आसपास रक्त असतं आणि साध्या तपासणीला अर्धा चमचा पुरतं.

मग खेळ मांडा. लॅबमध्ये शीर दिसावी म्हणून दंडाला बांधतात तसा रिबिनीचा पट्टा, ओल्या कापसाचं स्पिरिट, पेनाचं टोपण म्हणजे सुई. एकदा मूल टेक्निशियन, एकदा बाहुली, शेवटी स्वतः मूल. या खेळात वाद्य सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालू राहिलं पाहिजे. सरावाचा सगळा हेतू तोच आहे: पट्टा बांधला, कापूस फिरला, टोचलं, तरी ठेका थांबत नाही.

काय वाजवायचं ते वयावर ठरतं.

सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वाद्य नको. अंगावर पाजत असताना आईने छातीशी धरून गुणगुणायचं. पाजणं सुईच्या काही मिनिटं आधी सुरू करून सुई निघेपर्यंत चालू ठेवायचं, तशी सोय लॅबकडून मागून घ्यायची. मध चाटवायची पद्धत अजून काही घरांत आहे. वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात देऊ नका, त्यातून बोट्युलिझमसारखा गंभीर आजार होऊ शकतो.

एक ते तीन वर्षांच्या मुलाला खुळखुळा आणि पाठ असलेलं बडबडगीत पुरतं. तुम्ही ओळ म्हणायची आणि शेवटचा शब्द गाळून थांबायचं. तो शब्द मुलाने भरायचा. हा गाळलेला शब्द फार कामाचा आहे, कारण मूल त्याची वाट पाहतं आणि तेवढा वेळ सुईची वाट पाहत नाही.

चार ते सात वर्षांच्या मुलांना स्वतः कडवी जोडू द्या. भोंडल्याच्या गाण्यांसारखी, एकेक वस्तू वाढवत नेणारी रचना इथे छान बसते: आज लॅबमध्ये काय काय पाहिलं, त्याचं गाणं.

आठच्या पुढच्यांना मी केरवा हा ताल देते. धा गे ना ती, ना के धी ना. आठ मात्रा, म्हणजे आठ ठोके, बोटांनी खंजिरीवर आणि तोंडाने बोल. हे आठ ठोके झाले की एक आवर्तन. दोन आवर्तनं मोठ्याने, तिसरं मनात, चौथं पुन्हा मोठ्याने, आणि सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, चुकवायची नाही. मनातल्या आवर्तनात मूल इतकं गुंततं की चेहऱ्यावर दिसतं. ढोल-ताशा पथकात वाजवणारा दादा-ताई घरात असेल तर त्यांच्याकडून एखादा तुकडा शिकून घ्या. किशोरवयीन मुलांना बडबडगीत म्हणायला लावू नका. त्यांचा ठेका त्यांना निवडू द्या, तोंडाने बीट काढायचे असतील तर काढू द्या.

मोठ्या आवाजाचा त्रास होणाऱ्या, स्वमग्न मुलांसाठी खुळखुळ्याऐवजी हातावर हात थोपटून ठेका धरा आणि तो घरी आधी करून बघा. कमी ऐकू येणाऱ्या मुलाचा तळवा खंजिरीच्या चामड्यावर ठेवा, कंपन लागतं.

> सावध: झोपवतानाचं अंगाईगीत किंवा मुलाचं सगळ्यांत लाडकं गाणं सुईला नेऊ नका. गाणं आणि दुखणं यांची मनात गाठ बसली की रात्री ती अंगाई चालेनाशी होते. लॅबसाठी वेगळं गाणं ठेवा.

टप्पा ४: लॅबच्या बाकावर

वाजवायला सुरुवात इथे करायची, आत गेल्यावर नाही. नाव पुकारण्याच्या निदान दहा मिनिटं आधी.

मूल ज्या लयीत आहे त्याच लयीत सुरू करा. पाय हलवतंय, चुळबूळ करतंय, तर ठेकाही जलद धरा. पालक इथे लगेच संथ, शांत गाणं धरतात आणि मूल त्यात येतच नाही. आधी त्याच्या वेगाला जाऊन मिळायचं, दोन-चार मिनिटं तिथे राहायचं, मग आवर्तनागणिक लय किंचित उतरवत न्यायची. आत जाताना बोलता बोलता चालावं इतकी लय हवी.

टेक्निशियन मोकळे दिसले की त्यांच्याशी बोलून घ्या. हे वाक्य पाठ करून जा: “दादा, मी हिला मांडीवर घेऊन बसते, आम्ही वाजवत राहू. हात मी धरून ठेवेन. पट्टा बांधण्याआधी आणि टोचण्याआधी मला फक्त मान हलवून खूण करा.” एवढं कळलं की बहुतेक जण मनापासून साथ देतात. त्यांनाही रडतं मूल नकोच असतं.

टप्पा ५: बसायची पद्धत

शक्यतो आडवं झोपवून, चौघांनी धरून रक्त काढू देऊ नका. लहान मुलाला तुमच्याकडे तोंड करून मांडीवर घ्या, पाय तुमच्या कमरेच्या दोन्ही बाजूंना, छातीला छाती. ज्या हातातून रक्त घ्यायचं तो तुमच्या काखेखालून बाहेर, टेबलावर, खाली उशी किंवा घडी केलेला टॉवेल. कोपराच्या वर तुमची पकड स्थिर पण मायेची. दुसऱ्या हातातलं वाद्य तुमच्या पाठीमागे वाजत राहतं, किंवा शेजारी बसलेल्या बाबांच्या मांडीवरच्या खंजिरीवर बोटं.

मोठ्या मुलाला शेजारी बसवा. आधी कधी सुईच्या वेळी चक्कर आली असेल तर ते लॅबला सांगा आणि मुलाला आडवं करा. झोपूनही बोटांनी ठेका धरता येतो.

हात कुठला, हे टेक्निशियनने दोन्ही शिरा बघून चालेल म्हटलं तर मुलाला निवडू द्या. बघायचं की तोंड फिरवायचं, हेही त्यालाच ठरवू द्या. काही मुलांना बघितलं की बरं वाटतं. त्यांना वाद्याकडेच बघ म्हणून जबरदस्ती करू नका.

टप्पा ६: पट्टा, स्पिरिट, सुई

क्रम असा ठेवा.

१. ठेका चालू. आता फक्त बोटं आणि आवाज, अंग स्थिर.

२. टेक्निशियनची खूण. तुम्ही गाण्याच्या मध्येच, त्याच सुरात सांगा: “आता पट्टा बांधतायत.” गाणं न थांबवता.

३. पट्टा. तो मिनिटभराहून जास्त ठेवू नये, म्हणून गाणं आधीपासून रंगलेलं हवं. पट्टा बांधल्यावर वाद्य शोधत बसलात तर ते मिनिट संपलं.

४. स्पिरिटचा कापूस. स्पिरिट वाळायला अर्धा मिनिट लागतं आणि ओल्यावर टोचलं तर चुरचुरतं. हा अर्धा मिनिट मुलांना सगळ्यांत कठीण जातो. संथ केरव्याची तीन-चार आवर्तनं इथे बरोबर बसतात.

५. सुई. आकडे मोजू नका. एक-दोन-तीन म्हटलं की मूल तीनला अंग ताठ करतं. गाणं किंवा फुंकणं चालू असताना, लांब सुरात किंवा श्वास सोडताना टोचणं सोयीचं. माउथ ऑर्गन असेल तर हळू, लांब फुंकर. भराभर, जोरात फुंकलं तर चक्कर येते.

६. नळी भरेपर्यंत ठेका तोच. लय बदलू नका, गाणं बदलू नका, मध्येच शाबासकी देऊ नका.

> सावध: रक्त घ्यायच्या हातात वाद्य कधीही देऊ नका आणि त्या हाताची मूठ उघड-मीट करायला लावू नका. मूठ वारंवार आवळल्याने नमुन्यातलं पोटॅशियम खोटंच वाढलेलं दिसू शकतं. मूठ हलकी मिटून स्थिर, एवढंच.

तुमच्या तोंडून येणारे शब्दही मोजके हवेत. ‘सॉरी राजा’, ‘झालंच हं’, ‘घाबरू नको’ असं सारखं म्हटलं की मुलाला वाटतं, घाबरण्यासारखं काहीतरी नक्की आहे. ‘शूर मुलं रडत नाहीत’ हे तर नकोच. बोलायचं ते गाण्याबद्दल: “आता तुझी ओळ.”

टप्पा ७: ठेका तुटला तर

तुटेल. टोचल्याबरोबर पुष्कळ मुलं दोन-तीन मात्रा सोडतात. तुम्ही सोडू नका. त्याच लयीत, थोड्या खालच्या आवाजात एकटे वाजवत राहा, गाळलेला शब्द पुन्हा गाळा आणि थांबा. बहुतेक वेळा एक शब्द येतो, मग बोटं येतात.

मूल जोरात रडायला लागलं तर शब्द सोडा. त्याच्या रडण्याच्या सुरात नुसतं गुणगुणा, पाठीवर ठेका धरा. रडण्याची त्याला मोकळीक आहे. वाजवायला लावणं ही नवी बळजबरी व्हायला नको.

शीर सापडली नाही तर सुई निघाल्यावर ठेका बंद करून पूर्ण विश्रांती घ्या, पाणी पाजा. दोनदा जमलं नाही तर दुसऱ्या अनुभवी व्यक्तीला बोलवायची किंवा थोड्या वेळाने यायची विनंती करा. नम्रपणे, पण ठामपणे. तातडीचा नमुना असेल, मूल अत्यवस्थ असेल, तर अर्थातच डॉक्टर सांगतील तसं.

टप्पा ८: कापूस दाबताना

सुई निघाली की सगळे सुटकेचा श्वास टाकतात आणि वाद्य पिशवीत जातं. नका टाकू. कापूस दाबायची तीन ते पाच मिनिटं अजून बाकी आहेत.

हात कोपरात दुमडून ठेवायची आपल्याकडची सवय चुकीची आहे. हात सरळ, किंचित उंच, आणि कापूस बोटाने दाबलेला. दुमडला की काळंनिळं पडण्याची शक्यता वाढते. डेंग्यूत प्लेटलेट्स कमी असतील तर आणखी जास्त वेळ दाबा आणि उठण्यापूर्वी उचलून बघा. घड्याळ बघायला नको, पाचएक मिनिटांची आरती पूर्ण म्हणा. आता मुलाला हवं ते वाजवू दे, हवं तेवढ्या जोरात. नंतर मोकळ्या जागेत दोन हातांनी टाळही द्या.

इथे शाबासकी द्या, पण नेमकी: “टोचलं तेव्हा तुझा धा चुकला, पण पुढची सम तू पकडलीस.” मूल घरी जाऊन आजीला काय सांगेल, ते या मिनिटांत ठरतं.

टप्पा ९: पुढच्या सुईसाठी नोंद

ज्यांना महिन्यातून एकदा-दोनदा जावंच लागतं त्यांनी फाइलच्या मागच्या पानावर चार ओळी लिहाव्यात. कुठला हात, कुठलं वाद्य, कुठल्या क्षणी ठेका तुटला, कशाने परत आला. पट्ट्यालाच तुटत असेल तर घरी पट्ट्याचा खेळ वाढवा. स्पिरिटच्या वासाला तुटत असेल तर सरावात स्पिरिटचा कापूस आणा. गाणं तीन-चार वेळा वापरून झालं की मूल ते यंत्रासारखं म्हणायला लागतं, मन पुन्हा सुईकडे वळतं. तेव्हा ठेका अवघड करा: आठ मात्रांचा केरवा सोडून सहा मात्रांचा दादरा घ्या, धा धी ना, धा ती ना. नाहीतर मुलाला गुरू करा आणि टेक्निशियनदादांना बोल शिकवायला सांगा. ही नोंद आई-बाबांपैकी एकाच्याच डोक्यात राहायला नको. मुलाला आजोबा घेऊन जाणार असतील तर त्यांनाही ती वाचून दाखवा, आणि निघण्याआधी त्यांच्यासोबत एकदा गाणं म्हणून घ्या.